अल्परक्तशर्करा आणि हृदय

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्या स्थितीला अल्परक्तशर्करा किंवा हायपोग्लायसेमिया म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘शुगर लो झाली’. ५४ च्या खालची पातळी धोक्याची मानतात आणि रुग्णाला दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता येत नसेल, तर आकडा काहीही असो, ती तीव्र समजतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांत ती प्रामुख्याने आढळते. नुसत्या मेटफॉर्मिनने क्वचितच.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळले : २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. त्यामुळे वाढलेल्या साखरेची धास्ती इथे घरोघरी आहे. उतरलेली साखर मात्र ‘पित्त झालं’, ‘उन्हानं चक्कर आली’ यात खपून जाते. वाढलेली साखर रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे पोखरते, तर उतरलेली साखर हृदयाला तासाभरातही गाठू शकते.

साखर घसरताच शरीर ॲड्रेनालिन सोडते. घाम, थरथर, धडधड ही त्याचीच लक्षणे. ठोके वाढतात, वरचा रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो; हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद असतील तर तो पुरत नाही आणि छातीत दुखू लागते. याच वेळी ॲड्रेनालिन आणि इन्शुलिन दोन्ही मिळून रक्तातील पोटॅशियम पेशींत ढकलतात. पोटॅशियम कमी झाले की ठोक्यानंतर हृदयाची विद्युत्‌घडी पूर्ववत व्हायला वेळ लागतो, ईसीजीवर ‘क्यूटी’ अंतर लांबते आणि घातक अनियमित ठोक्यांना वाट मिळते. शिवाय रक्तबिंबिका चिकट होतात व गुठळी होण्याकडे कल वाढतो.

रात्री चित्र पालटते. झोपेत साखर उतरलेली राहिली, तर पहिल्या धडधडीनंतर ठोके उलट मंदावू शकतात आणि रुग्णाला जागही येत नाही. रात्री धडधाकट झोपलेले, इन्शुलिन घेणारे तरुण सकाळी अंथरुणात मृत आढळल्याच्या २२ घटना ब्रिटनमध्ये १९९१ साली नोंदल्या गेल्या. त्यांमागे हेच कारण असावे असा संशय आहे. मृत्यूनंतर साखरेचे मोजमाप भरवशाचे नसल्याने तो सिद्ध करणे अवघड.

साखर जितकी खाली तितके बरे, या समजाला मोठा धक्का दिला तो अमेरिका व कॅनडातील ‘अकॉर्ड’ चाचणीने. हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी पातळी, ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ मृत्यू झाले, सौम्य उपचारांच्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये कडक उपचार थांबवावे लागले. मात्र या जादा मृत्यूंचा सगळा दोष अल्परक्तशर्करेवर टाकता आला नाही. अनेकदा ती मूळच्या नाजूक प्रकृतीची खूणही असते. म्हातारपण, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टर आता लक्ष्य थोडे सैल ठेवतात, ते यामुळेच.

गोव्यातले ठरलेले प्रसंग कोणते, हे सांगायला तज्ज्ञ नको. एकादशीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपवास, पण गोळी नेहमीचीच. जत्रेत पहाटेपर्यंत दशावतारी काला आणि जेवणाची वेळ टळलेली. किंवा रिकाम्या पोटी हुर्राक, फेणी : दारूमुळे यकृताचे नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते आणि झिंग व लो शुगर यांत फरक ओळखू येत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड, थरथर जाणवेलच असे नाही. घाम मात्र सुटतो, म्हणून त्याकडे लक्ष हवे. वारंवार साखर उतरणाऱ्यांत ही पूर्वसूचना पुढेपुढे बोथट होते.

रुग्ण शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि नंतर जेवण द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. जत्रेत हाताशी खाजे असते, पण तळलेल्या बेसनाला रक्तात पोचायला वेळ लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्याला तर घरची साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडणारे आतड्यातले विकर या गोळ्या अडवून धरतात. त्याच्या खिशात ग्लुकोजचीच पुडी हवी.