बाऊल सामन्यांतून माघार

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमधील (म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉलमधील) एक अलीकडची प्रथा. नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांना निमंत्रून खेळवल्या जाणाऱ्या बाऊल सामन्यात, खेळण्यास पात्र व बहुधा तंदुरुस्त असलेला खेळाडू दुखापतीने आपली व्यावसायिक संधी हुकू नये म्हणून उतरत नाही. यास ‘ऑप्ट-आउट’ असे म्हणतात. दुखापत, शिस्तभंग किंवा अभ्यासक्रमातील अपात्रता यांमुळे बाहेर राहिलेले खेळाडू या संज्ञेत धरत नाहीत. व्यवहारात ही रेषा नेहमीच स्पष्ट असते असे नाही, कारण मोसमाच्या अखेरीस कसलीही किरकोळ दुखापत नसलेला खेळाडू विरळाच.

बाऊल सामन्यांची परंपरा १९०२ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे झालेल्या मिशिगन–स्टॅनफर्ड सामन्यापासून मोजतात. १९३५ च्या सुमारास ऑरेंज, शुगर, सन हे व त्यानंतर लवकरच कॉटन बाऊल सुरू झाले. आज त्यांची संख्या चाळीसच्या आसपास आहे. हे सामने दीर्घकाळ मोसमाचे बक्षीस मानले गेले. अधिकृत दृष्ट्या त्यांचा दर्जा काहीसा प्रदर्शनीय सामन्यांसारखाच होता, ही गोष्ट माघारीच्या चर्चेत सहसा विसरली जाते : महाविद्यालयीन क्रीडासंघटना एनसीएए हिने बाऊलमधील कामगिरी खेळाडूंच्या अधिकृत आकडेवारीत धरण्यास सुरुवात केली ती २००२ च्या मोसमापासून.

प्रथेचा उगम : प्रथेचा आरंभ सामान्यतः डिसेंबर २०१६ मध्ये मानतात, तथापि पहिला मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) लेनर्ड फोर्नेट सिट्रस बाऊल खेळणार नसल्याचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी १६ डिसेंबर रोजी जाहीर केले. तीनच दिवसांनी स्टॅनफर्डचा रनिंग बॅक क्रिस्चन मॅकॅफ्री याने सन बाऊलमधून माघार घेतल्याचे स्वतःच ट्विटरवर सांगितले. त्याच मोसमात बेलरचा रनिंग बॅक शॉक लिनवुड यानेही कॅक्टस बाऊल सोडला. व्यावसायिक संघ करतात त्या वार्षिक निवडीच्या (‘ड्राफ्ट’) यादीत तो फार वर नसल्याने त्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी गळतो. तारखेने पाहता फोर्नेट मॅकॅफ्रीच्या आधी येतो. पण त्याचा घोटा मोसमभर दुखावलेला होता आणि त्याने सक्तीची विश्रांती घेतली की स्वेच्छेने माघार, असा प्रश्न राहतो. मॅकॅफ्रीबाबत अशी शंका कमी आहे. २०१५ मध्ये एका मोसमात ३,८६४ एकूण यार्डांचा विक्रम करणारा हा खेळाडू त्यावेळी खेळण्याजोगा होता, आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता. प्रथेचे पहिले निःसंदिग्ध उदाहरण म्हणून त्याचेच नाव घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

काही भाष्यकार उगम आणखी मागे नेतात. साउथ कॅरोलायनाच्या जेडेव्हियन क्लाउनीने २०१३ चा संपूर्ण मोसम बसून काढावा की काय, यावर वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली, पण तो खेळला. २०१५ मध्ये यूसीएलएचा माइल्स जॅक गुडघ्याच्या दुखापतीनंतर मोसमाच्या मध्यावरच विद्यापीठ सोडून निवडीच्या तयारीला लागला. हे प्रसंग पूर्वसूचक म्हणता येतील. बाऊल-माघारीचे नमुने नव्हेत.

निकटचे कारण म्हणून बहुतेक जण १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बाऊलकडे बोट दाखवतात. नोत्र दामचा लाइनबॅकर (बचावफळीतील खेळाडू) जेलन स्मिथ हा निवडीत पहिल्या पाचांत निवडला जाईल असा अंदाज होता. ओहायो स्टेटविरुद्धच्या या सामन्यात त्याच्या गुडघ्यातील दोन अस्थिबंध तुटले व पायाच्या नसेलाही इजा झाली. त्याच सामन्यात ओहायो स्टेटच्या इझिकिएल एलियटने चार टचडाऊन केले (म्हणजे चेंडू चार वेळा गोलरेषेपार नेला). एप्रिलमध्ये दोघांनाही डॅलस काउबॉइज संघाने घेतले. एलियटला चौथ्या क्रमांकावर, स्मिथला चौतिसाव्या. पहिल्याचा करार सु. २.५ कोटी डॉलरचा होता आणि दुसऱ्याचा सु. ६५ लक्ष डॉलरचा. स्मिथ २०१६ चा मोसम खेळू शकला नाही. गंमत अशी, की त्या वर्षअखेरीस माघारीवर जाहीर नाराजी व्यक्त करणाऱ्यांत एलियट होता आणि पुन्हा संधी मिळाली तर तो सामना मी खेळेनच, असे म्हणणाऱ्यांत खुद्द स्मिथ.

बाऊलमधील गंभीर दुखापत ही काही नवी गोष्ट नव्हती. मायामीचा रनिंग बॅक विलिस मॅक्‌गाही याचा गुडघा जानेवारी २००३ मध्ये फिएस्टा बाऊलमध्येच निकामी झाला होता, तरी त्याला बफलो बिल्सने पहिल्या फेरीत तेविसावा घेतला. तो सामना राष्ट्रीय विजेतेपदाचा होता, म्हणून त्यात न उतरण्याचा विचारही कोणी मांडला नाही. अशा उदाहरणांमुळे केवळ दुखापतीच्या भीतीने ही प्रथा जन्मली, हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

आर्थिक बाजू : व्यावसायिक संघटना एनएफएल दरवर्षी एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करते. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झालेले खेळाडू पात्र ठरतात. १९९० पासून तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूंनाही पदवीपूर्वी निवडीत उतरता येते. २०११ च्या कामगार करारानंतर नवोदितांचे वेतन निवडक्रमांकानुसार जवळजवळ बांधून दिले गेले व कराराचा काळ चार वर्षांचा झाला. या वेतनश्रेणीमुळेच माघारीची प्रथा आली, असे एक मत आहे. ते पूर्णतः मान्य करणे कठीण जाते. २०१० मध्ये, म्हणजे श्रेणी येण्यापूर्वी, पहिल्या क्रमांकाचा सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरच्या करारावर गेला होता व त्यातील ५ कोटी हमीचे होते. म्हणजे गमावण्याजोगी रक्कम तेव्हा अधिक होती, तरीही ही प्रथा रुजलेली नव्हती. श्रेणीचा खरा परिणाम वेगळा असावा. पहिला करार लहान झाल्याने खरी कमाई दुसऱ्या करारावर ढकलली गेली आणि तिथवर शरीर धड ठेवणे महत्त्वाचे झाले. ज्यांची व्यावसायिक कारकीर्द मुळात अल्पायुषी असते, अशा रनिंग बॅकनी आरंभ करावा हे यास धरूनच आहे. २०१७ च्या निवडीत फोर्नेट चौथा गेला (करार सु. २.७ कोटी डॉलर), मॅकॅफ्री आठवा (सु. १.७ कोटी). मात्र मॅकॅफ्रीने सोडलेल्याच सन बाऊलमध्ये नॉर्थ कॅरोलायनाकडून खेळलेला क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू फेकणारा) मिच ट्रुबिस्की दुसऱ्या क्रमांकावर गेला. बाऊल खेळल्याने वा न खेळल्याने निवडक्रमांक बदलतो, असे यावरून म्हणता येत नाही.

बाऊल खेळून खेळाडूच्या हाती काय पडे, हेही नोंदवावे. आयोजकांनी द्यावयाच्या भेटवस्तूंवर एनसीएएची ५५० डॉलरची मर्यादा होती.

विमा : दुखापतीने होणाऱ्या नुकसानीविरुद्ध दोन प्रकारचे विमे प्रचलित आहेत. एक कायमच्या अपंगत्वाचा. त्यासाठी एनसीएएची योजना १९९० पासून आहे. दुसरा मूल्यघटीचा. यात खेळाडू ठरावीक क्रमांकाखाली वा ठरावीक रकमेखाली गेला तरच भरपाई मिळते, व घसरण दुखापतीमुळेच झाली हे सिद्ध करावे लागते. स्मिथला अशा विम्यातून सु. ९ लक्ष डॉलर मिळाल्याची वृत्ते होती. डिसेंबर २०१६ च्या ऑरेंज बाऊलमध्ये गुडघा दुखावलेला मिशिगनचा जेक बट पाचव्या फेरीपर्यंत घसरला. त्यालाही काही लक्ष डॉलर मिळाले. ओरेगनचा कॉर्नरबॅक (बचावपटू) इफो एक्प्रे-ओलोमू याचे प्रकरण अधिक बोलके आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचा गुडघा सामन्यात नव्हे, रोझ बाऊलपूर्वीच्या सरावात गेला. तो सातव्या फेरीत निवडला गेला व त्याला ३० लक्ष डॉलरची भरपाई मिळाल्याचे वृत्त आले. माघार घेणारे खेळाडू सरावही सोडतात, त्याचे कारण यात दिसते. भरपाईवरून विमेदारांशी न्यायालयीन वादही झाले आहेत.

प्रसार : २०१६ नंतर काही वर्षांतच प्रथा सर्वसाधारण झाली. २०२० मध्ये करोना साथीमुळे जमार चेस, पिनेई सूल, मायका पार्सन्स यांनी संपूर्ण मोसमच सोडला व २०२१ मध्ये तिघेही पहिल्या बारांत निवडले गेले; माघारीविषयीचा संकोच कमी होण्यास हे कारण झाले असावे. ३० डिसेंबर २०२१ च्या पीच बाऊलमध्ये पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट व मिशिगन स्टेटचा केनेथ वॉकर हे दोन्ही बाजूंचे मुख्य खेळाडू अनुपस्थित होते. दोनच दिवसांनी रोझ बाऊलमध्ये ओहायो स्टेटचे गॅरेट विल्सन व क्रिस ओलावे बाहेर बसले आणि त्यांच्या गैरहजेरीत जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा याने १५ झेलांत ३४७ यार्ड मिळवले. राखीव खेळाडूंना मिळणारी संधी हा माघारीच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद, क्वचितच इतका ठळकपणे खरा ठरला. त्याच दिवशी शुगर बाऊलमध्ये खेळण्याचे ठरवलेला मिसिसिपीचा क्वार्टरबॅक मॅट कोरल घोटा दुखावून बाहेर गेला. निवडीत तो ९४ वा आला. उलट अलाबामाचे ब्राइस यंग व विल अँडरसन ३१ डिसेंबर २०२२ चा शुगर बाऊल खेळले, जिंकले व पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांवर निवडले गेले.

३० डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३–३ असे हरवले. बाऊलच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा फरक. अपराजित राहूनही विजेतेपदाच्या फेरीतून वगळल्या गेलेल्या फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून अधिक खेळाडू बाहेर होते. या सामन्याचा दाखला वारंवार दिला जातो, पण तो जपून घ्यावा. अनुपस्थितांत दुखापतग्रस्त आणि दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठी नाव नोंदवलेले असे दोन्ही होते. ही नोंदणी २०१८ मध्ये सुरू झाली व तिची खिडकी डिसेंबरातच उघडत असे.

मतमतांतरे : प्रशिक्षक व समालोचकांच्या एका गटाने माघारीस संघाशी प्रतारणा म्हटले. समालोचक कर्क हर्बस्ट्रीट यांनी १ जानेवारी २०२२ रोजी या पिढीच्या खेळावरील प्रेमाविषयीच शंका घेतली व टीकेनंतर खुलासा केला. माघारीच्या समर्थकांचे म्हणणे असे, की डिसेंबरात प्रशिक्षक स्वतः नव्या नोकरीसाठी संघ सोडून जातात, तेव्हा निष्ठेचा प्रश्न कोणी विचारत नाही. हा मुद्दा खोडून काढलेला कुठे दिसत नाही.

विजेतेपदाच्या प्लेऑफ सामन्यांतून मात्र खेळाडू सहसा माघार घेत नाहीत. २०१४ पासून चार व २०२४ पासून बारा संघांचा प्लेऑफ सुरू झाल्याने सहा मोठे बाऊल त्यात सामावले गेले. उरलेल्यांत माघार चालूच आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना नाव-प्रतिमेच्या वापराचे, तर जुलै २०२५ पासून थेट विद्यापीठांकडूनही पैसे घेण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये प्लेऑफमधून वगळल्या गेलेल्या नोत्र दामने संपूर्ण संघानिशी बाऊल नाकारला. संघाच्या पातळीवर तो पहिला नकार नव्हे : १९२५ चा रोझ बाऊल खेळल्यावर त्याच विद्यापीठाने जानेवारी १९७० च्या कॉटन बाऊलपर्यंत एकही बाऊल खेळला नव्हता.