जॉयस्टिकचं किट मागवण्याआधी

आमच्याकडे येणाऱ्या चौकशीत पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "मायक्रोकंट्रोलर कोणता घेऊ?" (म्हणजे दांडीचे सिग्नल वाचून संगणकाला कळवणारी चिप; ती ज्यावर बसते तो बोर्ड.) प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागायला हवा. अख्ख्या जॉयस्टिकमध्ये सगळ्यात कमी त्रास देणारा भाग म्हणजे बोर्ड. जीव खातात ते स्प्रिंग, बेअरिंग, चुंबक आणि हलणाऱ्या वायरी. म्हणून या पत्रकात आधी दांडी, मग सेन्सर आणि त्यानंतर बोर्ड असा क्रम ठेवला आहे. ऑर्डर देण्याआधी एकदा वाचा आणि किट हातात आल्यावर पुन्हा एकदा.

अक्ष किती?

जे सलग, थोडं थोडं बदलतं तो अक्ष. दांडी पुढे-मागे हा एक, डावी-उजवीकडे हा दुसरा, मूठ स्वतःभोवती पिळणं हा तिसरा. थ्रॉटल (इंजिनाचा जोर), रडर (शेपटीचं सुकाणू) आणि पायाखालचे दोन ब्रेक धरले की सात होतात. नुसतं चालू-बंद होणारं सगळं बटणात जमा. लँडिंग गिअरची दांडी कितीही मोठी आणि रुबाबदार असली तरी ती बटणच.

विंडोजवरचे बरेचसे सिम्युलेटर डायरेक्टइनपुटमधून, म्हणजे विंडोजच्या जुन्या पद्धतीतून, जॉयस्टिक वाचतात. तिथे एका उपकरणाला ८ अक्ष, १२८ बटणं आणि ४ हॅट स्विच (अंगठ्याने वेगवेगळ्या दिशांना ढकलायचे स्विच) अशी मर्यादा आहे. एक्स, वाय, झेड, त्या प्रत्येकाभोवतीचं फिरणं आणि दोन स्लायडर असे ते आठ. नववा अक्ष खरंच लागणार असेल तर दुसरा बोर्ड घालून दुसरं उपकरण करावं लागतं. थ्रॉटल आणि पेडल वेगळ्या डब्यात असतील तर आम्ही तसंच सुचवतो, नाहीतर टेबलाखालून वायरींचं जाळं होतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. काही खेळ फक्त एक्सइनपुट ओळखतात, म्हणजे एक्सबॉक्सच्या धाटणीचा गेमपॅड. अशा खेळाला तुमची जॉयस्टिक दिसणारच नाही. तो किटमधला दोष नव्हे. कोणत्या खेळासाठी बांधताय ते ऑर्डरमध्ये लिहिलंत तर आम्ही आधीच सावध करू.

दांडी आणि गिंबल

दांडी ज्या जोडावर दोन्ही दिशांना डोलते तो गिंबल. इथे केलेली काटकसर पुढे कशानेही भरून निघत नाही. हिशेब साधा आहे. दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० अंश फिरते असं धरा. जोडात अर्धा अंश ढिलाई असेल तर ती पूर्ण फिरण्याचा १२०वा भाग झाली. बोर्ड दांडीची जागा पायऱ्यांत मोजतो; १० बिटांच्या १०२४ पायऱ्यांपैकी आठ-नऊ पायऱ्या तिथेच गेल्या. मग कुणी म्हणतं, १२ बिटांचा सेन्सर लावू. लावा, पण ढिलाई आता ३४ पायऱ्यांची दिसेल, एवढाच फरक. ज्यादा बिट ढिलाई घालवत नाहीत, ती फक्त अधिक बारकाईने मोजतात.

सेन्सर बसवण्याआधी ही चाचणी नक्की करा. दांडी मध्यावर सोडा, दोन बोटांनी वरून धरा आणि अगदी हलकेच, स्प्रिंगला जाग येणार नाही इतकीच हलवा. बोटांना बारीकसा 'टक' लागला तर बेअरिंगचं घर सैल आहे किंवा आसाचा स्क्रू पुरता आवळलेला नाही. मग दांडी एका टोकाला नेऊन हळूच परत आणा, थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या टोकाकडून तसंच आणा. दोन खुणा एकमेकींवर पडल्या तर पुढे जा. पडल्या नाहीत तर घर्षण जास्त आहे किंवा स्प्रिंग कमजोर आहे. हे सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

स्प्रिंगची रचना दोन प्रकारची मिळते. एकच मोठी स्प्रिंग खालून तबकडी दाबून धरते, ती स्वस्त आणि सोपी. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अक्षाला वेगळी स्प्रिंग आणि वेगळा कॅम (स्प्रिंगला दाबणारा वाकडा तुकडा) असतो. पहिलीत दोन्ही अक्ष एकमेकांत गुंतलेले जाणवतात: तिरकं ढकललं की हात आपोआप सरळ दिशेकडे ओढला जातो. विमान उडवणाऱ्यांना आम्ही दुसरीच देतो. हेलिकॉप्टरच्या कलेक्टिव्हला (वर-खाली नेणाऱ्या दांडीला) मात्र स्प्रिंग नकोच. तिथे घर्षणाचा वॉशर हवा, हात सोडला तरी दांडी आहे तिथे राहणारा.

वायरींबद्दल दोनच गोष्टी. गिंबलमधून जाणारी वायर बहुतारी आणि सिलिकॉनच्या आवरणाची घ्या. एकतारी वायर काही महिने निमूट चालते आणि मग सोल्डरच्या टाक्याला लागून तुटते, तीही आतल्या आत, म्हणजे बाहेरून सगळं शाबूत दिसतं. वायरीला सैल वळसा द्या आणि टाक्याच्या अलीकडे तिला बांधून ठेवा, म्हणजे वाकणं टाक्यावर येत नाही.

सेन्सर

सेन्सर दोन जातींचे. पोटेन्शिओमीटर, म्हणजे आपला पॉट, घासून चालतो. हॉल सेन्सर चुंबकाचं क्षेत्र मोजतो आणि कशालाही शिवत नाही.

पॉट समजायला सोपा, थ्रॉटलला आजही चांगला. घेताना लिनिअर घ्या. आवाजाच्या बटणाला लागणारा लॉगचा घेतलात तर दांडी एका बाजूला सुस्त आणि दुसऱ्या बाजूला उतावीळ वाटेल. अडचण दुसरीच आहे. पॉट साधारण ३०० अंश फिरतो आणि दांडी त्याला ६० अंशच फिरवते. म्हणजे १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम २०५ वाट्याला येतात, मध्यापासून एका बाजूला शंभरेक. गिअर लावून हे वाढवता येतं, पण गिअरच्या दात्यांची ढिलाई पाठोपाठ येते.

एक चूक आमचीच सांगतो. सुरुवातीच्या काही किटमध्ये आम्ही १०० किलोओहमचे पॉट दिले होते. आयबीएमच्या १९८१च्या गेम पोर्टला तेच लागायचे. तो पोर्ट पॉटमधून कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. आम्ही ते आकडे डोळे झाकून पुढे नेले. मग तक्रार आली: रडर हलवला की थ्रॉटलही जरासा हलतो. आम्ही बोर्ड बदलला, केबल बदलली, सोल्डर पुन्हा केलं, काही फरक नाही. शेवटी डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, नीट वाचली. आमच्या बोर्डावरच्या एव्हीआर चिपमधला मोजणारा भाग सगळ्या पिनांसाठी एकच असतो आणि त्याला १० किलोओहम किंवा त्याहून कमी अडथळ्याचा सिग्नल लागतो. १०० किलोओहमचा पॉट मध्यावर असताना हा अडथळा २५ किलोओहम होतो, त्यामुळे आधीच्या पिनेचा उरलेला विद्युतभार पुढच्या मोजणीत मिसळतो. १० किलोओहमचा पॉट लावला, अडथळा अडीचवर आला, तक्रार संपली. तुमच्याकडे जुन्या जॉयस्टिकचे पॉट पडून असतील आणि तेच वापरायचे असतील तर प्रत्येक पिन दोनदा वाचा आणि पहिलं वाचन टाकून द्या.

मुख्य दांडीसाठी आम्ही हॉल सेन्सर देतो. साधा ४९ई पाच व्होल्टवर चालवला की चुंबक दूर असताना अडीच व्होल्टच्या आसपास देतो. चुंबकाचं एक तोंड जवळ आणलं की आकडा चढतो, तोंड उलटं केलं की उतरतो. चिकटवण्याआधी हे मल्टीमीटरवर बघा आणि चुंबकाच्या वरच्या तोंडाला मार्करने ठिपका द्या. चुंबक एकदा इपॉक्सीत बसला की त्याचं मत बदलत नाही.

मांडणी महत्त्वाची आहे. सेन्सरच्या दिशेने चुंबक पुढे-मागे सरकवला तर अंतर आणि व्होल्टेजचं नातं फार वाकडं निघतं. त्यापेक्षा दोन चुंबक समोरासमोर, एकमेकांना ओढतील असे ठेवा आणि सेन्सर मधोमध, आसाच्या रेषेत. दांडीबरोबर चुंबकांची जोडी फिरली की आउटपुट साइनच्या वक्राने बदलतं, आणि मध्यापासून ३० अंशांपर्यंत तो वक्र सरळ रेषेपासून ५ टक्क्यांहूनही कमी ढळतो. शेजारी लोखंडी स्क्रू ठेवू नका. किटमधले स्क्रू पितळी आहेत ते शोभेसाठी नव्हेत.

एएस५६०० ही चिप थेट कोन मोजते, १२ बिटांत. चांगली आहे, पण तिचा आयटूसी पत्ता (आयटूसी म्हणजे चिपांनी दोन सामाईक तारांवर बोलायची पद्धत, त्या तारा म्हणजे बस) ठरलेला असतो. दोन अक्षांना दोन चिपा एकाच बसवर लावल्या की त्या एकदमच बोलतात. मधे मल्टिप्लेक्सर (एका वेळी एकाच चिपेला जोडणारा) घाला किंवा तिचं ॲनालॉग आउटपुट, म्हणजे कोनाप्रमाणे बदलणारं व्होल्टेज, वापरा.

आता बोर्ड

अट एकच: चिपमध्ये स्वतःचा यूएसबी हवा, म्हणजे ती संगणकाला थेट 'मी जॉयस्टिक आहे' असं सांगू शकते आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही. घरात पडलेल्या आर्डुइनो उनोच्या मुख्य चिपमध्ये तो नाही. उनोवरही खटपट करून जमतं, पण आम्ही त्या वाटेला जात नाही.

आम्ही नेहमी देतो तो प्रो मायक्रो, त्यावर एटीमेगा ३२यू४. पाच व्होल्ट, १० बिट, नऊ ॲनालॉग पिना. साध्या सात अक्षांच्या कामाला पुरून उरतो. त्याचा एक गुण लोक विसरतात: सेन्सरचा पुरवठा आणि मोजणीचा संदर्भ एकाच पाच व्होल्टवरून घेतला की यूएसबीचं व्होल्टेज थोडं खाली-वर झालं तरी दोन्ही बरोबरच हलतात आणि आकडा जागेवर राहतो. सेन्सरला वेगळा पुरवठा देऊन हा फायदा घालवू नका.

१२ बिट हवे असतील तर एसटीएम३२ चिपचा बोर्ड. आरपी२०४०चा पिको वेगवान आहे, पण त्यावर वापरता येणाऱ्या ॲनालॉग पिना तीनच आणि व्होल्टेज ३.३. पाच व्होल्टचा सेन्सर त्याला थेट जोडला तर बोर्ड जाऊ शकतो.

बटणं जास्त असतील तर मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या तारांची जाळी, करा: १२ पिनांवर ६ गुणिले ६, म्हणजे ३६. प्रत्येक बटणाला १एन४१४८ डायोड लावा, नाहीतर तीन बटणं एकदम दाबल्यावर न दाबलेलं चौथं उमटतं. पिना कमी पडल्या तर ७४एचसी१६५ शिफ्ट रजिस्टरची (अनेक बटणं थोड्याच पिनांवर एकामागून एक वाचू देणाऱ्या चिपांची) साखळी.

फर्मवेअर

किटसोबतचा प्रोग्राम चालतो तसाच चालवा, मग हवे ते बदल करा. बदल करणाऱ्यांसाठी काही इशारे.

वाचन थरथरत असेल तर सरासरी घ्या, पण जपून. एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. चार अक्षांची प्रत्येकी १६ वाचनं म्हणजे सहा-सात मिलिसेकंद तिथेच गेले, आणि यूएसबी तर दर मिलिसेकंदाला अहवाल (अक्ष-बटणांची ताजी स्थिती) घ्यायला तयार असतो. १६ वाचनांतून दोन ज्यादा बिट मिळतात हे खरं. गंमत म्हणजे त्यासाठी सिग्नलमध्ये थोडी थरथर असावीच लागते.

जॉयस्टिक लायब्ररीत 'बिगिन'ला 'फॉल्स' द्या आणि सगळे अक्ष भरून झाल्यावर अहवाल एकदाच पाठवा. नाहीतर प्रत्येक अक्षासाठी वेगळा अहवाल जातो.

कॅलिब्रेशनचे (दांडीच्या मध्याचे आणि टोकांचे) आकडे ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवा, पण बटण दाबल्यावरच लिहा. ती जागा १ लाख वेळा लिहिण्याइतकीच हमीची आहे. लूपमध्ये सतत लिहीत राहिलात तर काही मिनिटांत हमी संपते. मधला निष्क्रिय पट्टा (मध्याजवळ दांडी हलली तरी काही न होणारा भाग) फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातल्या प्रोग्राममध्ये, घालू नका, तो खेळात ठरवा. आणि फर्मवेअरचं कॅलिब्रेशन केलंत तर विंडोजचं करू नका. दोन्ही एकावर एक चढली की कुणाचं काय चुकलं ते कळत नाही.

काहीच दिसत नसेल तर

आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, आणि आमच्याकडे 'बंद' म्हणून परत आलेले कित्येक बोर्ड आमच्या केबलवर ठणठणीत निघाले आहेत. मग विंडोजमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' उघडा. लिनक्सवर जेएसटेस्ट चालवा. प्रोग्राम चढवताना बोर्डाचा ३.३ व्होल्टचा प्रकार चुकून निवडला तर प्रो मायक्रो संगणकाला दिसेनासा होतो. तो मेलेला नसतो. रीसेटची पिन ग्राउंडला लागोपाठ दोनदा टेकवा, आठ सेकंद बूटलोडर (नवा प्रोग्राम स्वीकारणारा भाग) जागा असतो, तेवढ्यात योग्य प्रकार निवडून प्रोग्राम पुन्हा चढवा. अक्षांची संख्या बदलल्यावर विंडोज जुनंच काहीतरी दाखवत असेल, तर उपकरणाचा उत्पादन क्रमांक प्रोग्राममध्ये बदलून बघा; विंडोज जुनी माहिती त्या क्रमांकावरच लक्षात ठेवतो.

यानंतरही अडलं तर आम्हाला लिहा. सोबत तीन गोष्टी पाठवा: सोल्डर दिसेल असा जवळून काढलेला फोटो, दांडी मध्यावर आणि दोन्ही टोकांना असताना आलेले आकडे, आणि पेन्सिलच्या त्या दोन खुणांमध्ये किती अंतर पडलं ते.