कोकणचे गाऱ्हाणे आणि विरोधी बाक

निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. विरोधी पक्षाचा खासदार निवडून देऊन आपल्या भागाचे काय भले होणार? निधी सरकारच्या हातात, खाती सरकारच्या हातात, हा माणूस दिल्लीत जाऊन नुसता बोलणार. या प्रश्नाचा विचार करायचा तर जुन्या राजापूर मतदारसंघाकडे पाहावे. दक्षिण रत्नागिरी आणि आजचा सिंधुदुर्ग हा त्याचा मुलूख. १९५७ ते १९८९ या काळात तिथल्या मतदारांनी लागोपाठ आठ सार्वत्रिक निवडणुकांत काँग्रेसच्या विरोधातला उमेदवार लोकसभेत पाठवला. तीन वेळा बॅरिस्टर नाथ पै, पाच वेळा प्रा. मधु दंडवते. मधली दोन-चार वर्षे सोडली तर हे दोघे कायम विरोधी बाकांवरच बसले. आणि याच मतदारसंघातून आज कोकण रेल्वे धावते.

बोलण्याचा हा हक्क कुठून आला, ते आधी पाहू. १८९२ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या कायदेमंडळांत सदस्यांना पहिल्यांदा सरकारला प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली. मतदान मात्र करता येत नव्हते आणि मिळालेल्या उत्तरावर उपप्रश्नही विचारता येत नव्हता. उपप्रश्नाचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी दिला, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. अशा बांधलेल्या हातांनी गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर उभे राहिले. जन्म गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलाच. सरकार तिजोरीतल्या शिलकीचा अभिमान मिरवत होते. गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवले की ही शिलक भरभराटीची नव्हे, लोकांवर लादलेल्या जादा करांची आहे, आणि मिठावरचा कर गरिबाच्या ताटातून वसूल होतो. पुढच्याच वर्षी मणामागे अडीच रुपये असलेला हा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर नाही. पण मताचा अधिकार नसलेल्या माणसाने सरकारच्याच आकड्यांतून सरकारला उत्तर द्यायला लावले, ही रीत तिथे पडली. १९११ मध्ये त्यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. हरलेला तो मुद्दा पुढे कुणाला पुसून टाकता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर ही साधने वाढली. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे, अतारांकित प्रश्नाला लेखी. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न फक्त वीस, तेही सोडतीतून निघणार, आणि त्यांतले थोडेच प्रत्यक्ष पुकारले जातात. तातडीच्या बाबीकडे मंत्र्याचे लक्ष वेधून त्याला निवेदन करायला लावणारी लक्षवेधी सूचना १९५४ मध्ये आली. प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्याचा शून्य प्रहर नियमांच्या पुस्तकात कुठेच नाही, तो साठच्या दशकात सदस्यांनी आपल्या रेट्याने मिळवला. शिवाय नियम ३७७ खाली मतदारसंघातली बाब मांडता येते. मंत्री सभागृहात ‘पाहतो’, ‘करतो’ म्हणाला की त्याचा पाठपुरावा करायला १९५३ पासून आश्वासन समिती आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती कपात सूचना. सरकार एखाद्या खात्यासाठी कोट्यवधी रुपयांची मागणी सभागृहापुढे ठेवते. सदस्य म्हणतो, या मागणीतून १०० रुपये कमी करा. शंभर रुपयांनी खात्याचे काही बिघडत नाही, सूचना मंजूरही होत नाही. पण तिच्या आधाराने त्याला एक ठरावीक गाऱ्हाणे मांडता येते: अमुक नदीवरचा पूल, अमुक बंदरातला गाळ, अमुक टप्प्यावरचा न झालेला लोहमार्ग. आधी लोकांची तक्रार ऐका, मग पैसे मागा, हे जुने संसदीय तत्त्व यामागे आहे. विरोधी बाकावरच्या माणसाला तिजोरीला हात लावता येत नाही, पण तिजोरी उघडण्याआधी सरकारला थांबवून आपले म्हणणे ऐकवता येते.

रेल्वेच्या बाबतीत तर खास सोय होती. १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक स्वतंत्र मांडले जाई, आणि त्यावरच्या चर्चेत जवळजवळ प्रत्येक खासदार आपापल्या भागातला मार्ग, थांबा, फाटक मांडून घेई. कोकणाला याची गरज किती होती, हे चाकरमान्यांच्या घरात वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको. घरचा कर्ता मुंबईच्या गिरणीत, गावची चूल मनीऑर्डरवर, आणि ये-जा आगबोटीने किंवा घाटवळणांच्या एसटीने. पावसाळ्यात बोटी बंद. या किनाऱ्याने १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडताना पाहिली होती, सहाशेहून अधिक माणसे गेली. लोहमार्ग मात्र पनवेलकडून १९६६ च्या सुमारास रायगडातल्या आपटा गावापर्यंत येऊन थांबला होता.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. त्यांचे नाव आज निघते ते मुख्यतः वक्तृत्वासाठी आणि संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर त्यांनी मांडलेल्या घटनादुरुस्तीच्या खासगी विधेयकासाठी. पण ‘कोकणला रेल्वे द्या’ ही मागणी आणि बेळगाव-कारवारच्या मराठी माणसांचे दुःख त्यांनी दिल्लीत सतत जागे ठेवले. सभागृहाबाहेर अ. ब. वालावलकरांसारखे लोक याच मार्गासाठी झिजत होते. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पैंचे अवघ्या ४८ व्या वर्षी निधन झाले तेव्हा कोकणात नवा रूळ पडलेला नव्हता.

त्यांच्या जागी आलेले दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. त्यांनी तोच प्रश्न उचलला. एका माणसाचे अपुरे राहिलेले काम दुसऱ्याने पुढे नेले, मतदारांनीही त्याला त्याच कामासाठी पुन्हा पुन्हा पाठवले. आणीबाणीत ते तुरुंगात गेले, १९७७ मध्ये सुटून थेट रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्याच काळात. पण मंत्रिपद दोन वर्षे टिकले, आणि ते गेले तेव्हाही कोकणचे रूळ आपट्याच्या पुढे सरकले नव्हते. पद मिळाले की प्रश्न सुटतो, हा समज इथे खोटा ठरतो.

१९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला, जनता पक्षाच्या देशभरात दहा जागा आल्या. त्या दहांत राजापूर होते. बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्येवर ठरते, त्यामुळे इतक्या लहान गटाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येत. त्या सभागृहात अधिकृत विरोधी पक्षनेताही नव्हता, कारण त्यासाठी लागणारे एक दशांश संख्याबळ कुणाकडेच नव्हते. तरीही दंडवते तिथे अभ्यास करून उभे राहत आणि सत्ताधारी त्यांचे ऐकून घेत. १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत आले.

डिसेंबर १९८९ मध्ये सरकार बदलले. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. पुढच्या काही महिन्यांत तीस वर्षांत झाले नव्हते ते झाले. नेहमीच्या अंदाजपत्रकातून पैसा निघणार नाही हे ओळखून वेगळे महामंडळ काढायचे ठरले: रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली, सूत्रे रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे गेली. नोव्हेंबरात ते सरकारच पडले. पण महामंडळ उभे राहिले होते, राज्ये भागीदार झाली होती, त्यामुळे नंतरच्या सरकारांच्या काळातही काम चालू राहिले. सह्याद्रीच्या कुशीतून नव्वदहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूर हा संपूर्ण मार्ग खुला.

इतक्या थोड्या वेळात निर्णय कसा झाला? माझ्या मते कारण सरळ आहे. मागणी नवी नव्हती. तीन दशके प्रश्नांतून, चर्चांतून, मंत्र्यांच्या नकारांतून ती इतकी घासूनपुसून तयार झाली होती की अडचणी कोणत्या आणि पैसा कुठे अडतो हे मांडणाऱ्यांना तोंडपाठ होते. विरोधी बाकावरचे बोलणे वाया जात नाही ते असे. मात्र याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्या भागाने सरकारच्या विरोधात मत दिले, त्याला आपलेच लोक सत्तेत येईपर्यंत थांबावे लागले, ही त्या वेळच्या राज्यकर्त्यांवरची गंभीर तक्रार आहे. आणि १९९१ मध्ये, काम सुरू झाले असतानाच, राजापूरने दंडवत्यांना पाडले.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून गेले, आता तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात येतो. २०१७ पासून रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रकही उरले नाही. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाच्या कारणाने प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला गेला, लेखी उत्तरे तेवढी मिळाली. दरवर्षी अनेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना, ‘गिलोटिन’ लावून एका दमात मंजूर होतात, आणि त्यांच्याबरोबर त्या शंभर रुपयांच्या कपात सूचनाही न बोलता संपतात. कोकण रेल्वेच्या दुहेरीकरणातला रोहा-वीर एवढाच टप्पा २०२१ मध्ये पूर्ण झाला. पुढच्या दुहेरी मार्गाची, थांब्यांची, गणपतीच्या दिवसांतल्या जादा गाड्यांची मागणी आजही त्याच सभागृहात करावी लागते, पूर्वीपेक्षा कमी वेळात.