बंद दिवसांचा खर्च कोणाच्या खात्यावर?

साथ आली की धंदा बंद होतो, खर्च चालूच राहतो. भाडं, पगार, कर्जाचा हप्ता, उधारीवर उचललेल्या मालाचे पैसे, यांना साथीशी देणंघेणं नसतं. छोट्या व्यावसायिकाला तोट्याआधी गाठतात त्या तारखा. पैसे यायची तारीख लांबते, द्यायची जागची हलत नाही. मधले दिवस कोणी सोसायचे हा वाद २०२० मध्ये कोविडच्या साथीत नव्याने पेटला, पण तो आहे साडेसहाशे वर्षांचा.

आज दुब्रोव्हनिक म्हणतात त्या रगूसाने १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवायचं ठरवलं. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि त्या चाळिसासाठीच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ आला. आपण तो शब्द माणसाच्या आजाराशी जोडतो. व्यापाऱ्याच्या लेखी मात्र तो चाळीस दिवस अडकलेला पैसा होता. व्हेनिसने १४२३ मध्ये रोग्यांसाठी एका बेटावर लाझारेत्तो, म्हणजे विलगीकरणाचं ठाणं, उभारलं आणि १४६८ मध्ये दुसरं, संशयित जहाजं आणि त्यांवरचा माल ठेवण्यासाठी. या दुसऱ्या बेटावरच्या लांबलचक गोदामात गाठोडी सोडून मालाला वारा आणि धुरी देत. तिथे राबणाऱ्या हमालांनी, पहारेकऱ्यांनी भिंतींवर लिहिलेला मजकूर अजून टिकून आहे: कुठलं जहाज, कुठून आलं, काय माल होता. रोगराईसाठी बांधलेल्या इमारतीच्या भिंतीवर धंद्याच्या नोंदी! याच शहरात १४९४ साली गणितज्ञ लुका पाचोलीचा ग्रंथ छापला गेला आणि दुहेरी नोंदीची हिशोबपद्धत छापील रूपात सर्वदूर पोचली. त्या पद्धतीने लिहिलेल्या वहीत लाझारेत्तोतला माल मालमत्ता म्हणून दिसणार, पण त्यातून कोणाचा पगार भागणार नाही. नफ्यातला धंदाही रोखीवाचून बुडतो, तो असा.

भाड्याचा निकाल तर १६४७ सालीच लागला होता. इंग्लंडमधल्या यादवीत शत्रुसैन्याने एका कुळाची जमीन बळकावली. ‘जमीनच ताब्यात नव्हती, तर खंड कसला?’ हे त्याचं म्हणणं न्यायालयाने फेटाळलं, कारण कराराने पत्करलेलं देणं चुकत नाही. हा खटला साथीचा नव्हता, पण बंद दुकानाचं भाडं का द्यायचं या प्रश्नाला इंग्रजी कायद्याचं मूळ उत्तर हेच. पुढे करार निष्फळ होण्याचं (परिस्थिती बदलून तो पाळणंच अशक्य झालं तर संपण्याचं) तत्त्व आलं, तरी काही महिन्यांच्या बंदीसाठी भाडेकरूला त्याचा आधार क्वचितच मिळतो.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकेतल्या अनेक शहरांनी नाट्यगृहं, शाळा, सभा बंद केल्या. न्यूयॉर्कने गर्दी टाळण्यासाठी दुकानं-कचेऱ्यांच्या वेळा एकमेकींपासून तोडून दिल्या. लिटल रॉक शहरातल्या त्या ऑक्टोबरच्या वृत्तपत्रात व्यापारी सांगतात, धंदा चाळीस टक्क्यांनी बसला. काहींचा अंदाज सत्तर टक्क्यांचा. तेजी एकट्या औषधांच्या दुकानांना. २०२० सारखी पगाराची मदत किंवा सरकारी हमीचं कर्ज त्यांच्यासाठी नव्हतं. घाऊक व्यापारी किती दिवस थांबतो आणि घरात किती शिल्लक आहे, यावरच सगळं.

मग विमा कशासाठी असतो? धंदा थांबल्याची भरपाई देणारा विमा मुळात आगीसारख्या संकटासाठी वाढला: इमारत जळाली, ती उभी राहीपर्यंत बुडालेलं उत्पन्न भरून द्यायचं. साथीत भिंतीला साधा तडाही जात नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर मँडरिन ओरिएंटल या हॉटेल समूहाला अशा विम्यातून १.६ कोटी डॉलर मिळाले. विमा कंपन्यांनी यातून धडा घेतला, पण स्वतःपुरता. २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्रमाण पॉलिसीला जोडायचं एक कलम तयार झालं: विषाणूमुळे झालेलं नुकसान वगळून. पुढची चौदा वर्षं ते कित्येक पॉलिसींच्या मागच्या पानांत पडून राहिलं. हप्ता भरताना ती पानं कोण वाचतं? ब्रिटनमध्ये शब्दरचना पॉलिसीगणिक वेगळी असल्याने वित्तीय नियामकच न्यायालयात गेला. १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुतांश मुद्दे विमाधारकांच्या बाजूने दिले, पण तोवर पहिली टाळेबंदी लागून दहा महिने होत आले होते.

शेवटी ओझं मोठ्या प्रमाणावर उचललं ते सरकारांनी, प्रत्येकाने आपापल्या पठडीत. जर्मनीकडे ‘कुर्झआर्बाइट’ ही कामाचे तास घटवून पगाराचा काही भाग सरकारने देण्याची जुनी व्यवस्था तयारच होती. एप्रिल २०२० मध्ये सुमारे साठ लाख कामगार तिच्यात होते. अमेरिकेने ३४९ अब्ज डॉलरची योजना आणली. कर्ज म्हणून घ्या, ठरल्याप्रमाणे खर्च करा, माफ होईल. ३ एप्रिलला सुरू झालेला हा निधी १६ एप्रिलला संपलाही. बँकेशी आधीपासून व्यवहार असलेले आणि कागदपत्रं हाताशी असलेले पुढे गेले. वही डोक्यात ठेवणारे रांगेत मागे पडले. शिवाय आठ आठवड्यांत खर्च करायचा आणि त्यातला पाऊण भाग पगारावर, ही अट बंद पडलेल्या उपाहारगृहाने पाळायची कशी? जूनमध्ये ती चोवीस आठवडे आणि साठ टक्के अशी सैल करावी लागली.

भारतात रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला हप्ते तीन महिने पुढे ढकलायला परवानगी दिली, नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. अनेकांनी या सवलतीला माफी समजण्याची चूक केली. व्याजावरच्या व्याजाचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे महिन्यात सरकारी हमीवरचं वाढीव कर्ज आलं, २९ फेब्रुवारीला फेडायच्या उरलेल्या कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्याने तोवर बँकेचं कर्जच घेतलं नव्हतं, त्याच्या वाट्याला वीस टक्के शून्याचे.

या सगळ्याच्या चार वर्षं आधी, २०१६ मध्ये, जेपी मॉर्गन चेस इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख छोट्या व्यवसायांची खाती तपासली होती. आवक पूर्ण थांबली तर या यादीत अगदी मधोमध असलेला व्यवसाय हातातल्या रोखीवर २७ दिवस तगेल, उपाहारगृह १६. त्या २७ दिवसांत रगूसाचे तीस बसत नाहीत, व्हेनिसचे चाळीस तर नाहीतच. तेव्हा हा अहवाल चाकोरीतली आकडेमोड वाटला असेल.

ब्रिटनने ४ मे २०२० पासून ५०,००० पौंडांपर्यंतची शंभर टक्के हमीची कर्जं दिली: पहिलं वर्ष काहीच भरायचं नाही, पुढे अडीच टक्के व्याज, मुदत सहा वर्षं. ती झेपेना म्हणून मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवून घेण्याची सोय झाली. २०२० च्या कर्जावर ज्यांनी ही सोय पूर्ण घेतली, त्यांचा त्या बंद आठवड्यांचा शेवटचा हप्ता २०३० मध्ये पडेल.