हौद्यातून उठलेल्या पैलवानाच्या पांढऱ्या पेशी

पहाटे कोल्हापुरातल्या गंगावेस तालमीत एखादा पट्ठा जोर-बैठका संपवून हौद्याच्या कडेला टेकतो. अंगावरची लाल माती घामानं भिजलेली, छाती भात्यासारखी हलतेय. त्याच क्षणी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला तर त्यात पांढऱ्या पेशी एरवीपेक्षा कितीतरी जास्त दिसतील. त्यातही विषाणूंनी पछाडलेल्या पेशी टिपणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशी. त्या नव्यानं जन्मलेल्या नसतात. प्लीहेत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या असतात; अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं, रक्ताचा ओघ जोरात आला की सुटतात.

खरी गंमत पुढं आहे. मेहनत जबर झाली असेल, तर तासा-दोन तासांनी आकडा मूळच्याही खाली उतरतो. म्हणजे प्रतिकारशक्ती खचली, असंच बरीच वर्षं मानलं गेलं. १९८७च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोक आजारी पडल्याचं सांगत होते. तयारी करूनही न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होतं.

पण उंदरांच्या टी पेशींना, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराला, खूण करून पाहिलं, तेव्हा व्यायामानंतर त्या फुप्फुसांत, आतड्याजवळ, अस्थिमज्जेत सापडल्या. जोतिबाच्या यात्रेदिवशी पेठेतल्या घरांना कुलपं दिसली म्हणून गाव ओस पडलं असं कोण म्हणेल? २०१८मध्ये बाथ विद्यापीठाच्या जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी हाच मुद्दा लावून धरला. सगळ्यांना तो पटलेला नाही, मला पटतो. मॅरेथॉन काय किंवा खासबागेतलं कुस्तीचं मैदान काय, आदल्या रात्रीची अपुरी झोप, प्रवास, गर्दी आणि थंडाईचा एकच तांब्या चौघांत, एवढं सर्दीला पुरतं. गजकर्ण तर अंगाला अंग लागूनच येतं, दंड कितीही भरलेले असोत.

म्हाताऱ्या वस्तादांचं काय? टी पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयानुसार वाळत जाते. ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वर्षांच्या, आयुष्यभर सायकल चालवलेल्या १२५ जणांचं रक्त तपासलं, तर थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी पेशी त्यांच्यात तरुणांइतक्या निघाल्या. थकलेल्या, जुन्या टी पेशी मात्र घरी बसून राहिलेल्या त्यांच्या वयाच्या माणसांत होत्या, तेवढ्याच यांच्यातही होत्या.