सीहॅमच्या खाणीतलं कोमट पाणी

बंद पडलेल्या कोळसा खाणीतून घरं गरम करणार, अशी बातमी आली की पुष्कळांना वाटतं, खाली उरलेला कोळसा अजून धुमसत असणार. तसं काही नाही.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅममध्ये, सीहॅम नावाचं गाव आहे. गावात तीन खाणी होत्या आणि त्यांचे बोगदे थेट उत्तर समुद्राच्या तळाखाली गेलेले. 1880च्या एका स्फोटात तिथे 160हून जास्त माणसं गेली. डॉडन ही खाण 1991 साली बंद झाली. अशा खाणीतले पंप थांबले की बोगदे पाण्याने भरत जातात. हे खारट, लोहाने भरलेलं पाणी वर चढून पिण्याच्या भूजलात मिसळू नये म्हणून डॉडनला ते आजही उपसावं लागतं. आणि ते निघतं 18 ते 20 अंशांचं, बाहेर बर्फ पडत असला तरी. कारण साधं आहे: दर 100 मीटर खाली गेलं की खडक साधारण 3 अंशांनी तापलेला असतो.

पण 20 अंशांच्या पाण्याने खोली कशी तापणार? इथे माझं आवडतं यंत्र येतं, हीट पंप. फ्रिजच्या मागे हात लावून बघा, गरम लागतं. आतल्या भाजीतली उष्णताच तिथे बाहेर पडत असते. हीट पंपात शून्याखालीही उकळणारा द्रव असतो. खाणीच्या पाण्याची ऊब मिळताच तो उकळतो आणि वाफ होताना सुप्त उष्णता पोटात घेतो. कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, तिचं तापमान 50-60 अंशांवर जातं. मग ती घरातल्या पाण्याभोवती पुन्हा द्रव होते आणि घेतलेली सगळी उष्णता तिथे सोडते. द्रवावरचा दाब उतरवला की तो थंड होतो, चक्र पुन्हा सुरू.

हिशेब करून पाहू. एक लिटर पाणी एका अंशाने थंड होताना 4.2 किलोज्यूल उष्णता सोडतं. सेकंदाला 100 लिटर पाणी 10 अंशांनी थंड केलं, तर 100 × 4.2 × 10, म्हणजे 4,200 किलोवॉट उष्णता हाती येते. सीहॅमजवळच्या 1,500 घरांच्या नव्या वसाहतीला हीच ऊब पुरवायची योजना आखली गेली.

याला ‘फुकट ऊर्जा’ म्हणणाऱ्यांनी मात्र कॉम्प्रेसरचं वीजबिल बघावं: एक युनिट वीज घालून तीन-चार युनिट उष्णता मिळते, शून्य घालून काहीच नाही. शिवाय त्या पाण्याला हवा लागली की विरघळलेलं लोह गंजून नारिंगी गाळ होतो आणि उष्णता काढून घेणाऱ्या पत्र्यांवर बसतो. मग ते उघडून घासत बसा.