फ्रीजपासून नोंदीपर्यंत: इंग्लंडमध्ये जीपीच्या दवाखान्याची तपासणी कशी घडत गेली

इंग्लंडमध्ये जीपीच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात दर्शनी जागीच एक शेरा लावलेला असतो: ‘आउटस्टँडिंग’, ‘गुड’, ‘रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट’ किंवा ‘इनॅडिक्वेट’. हा शेरा केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी, ही आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणारी संस्था देते. तो लोकांना दिसेल असा लावणं १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक आहे. इथवर यायला साठाहून जास्त वर्षं लागली, आणि त्या उशिराचं मूळ एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, जन्मातच आहे.

५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली तेव्हा रुग्णालयं सरकारकडे आली, जीपी मात्र आले नाहीत. ते कंत्राटावर काम करणारे स्वतंत्र व्यावसायिकच राहिले. जागा त्यांची, नोकरवर्ग त्यांचा. मग आत जाऊन कामाचा दर्जा बघायचा तो कोणी? जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधले दवाखाने स्वतः फिरून पाहिले आणि १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अहवाल लिहिला. काही ठिकाणची अवस्था इतकी वाईट होती की लोकहितासाठी ते दवाखाने चालूच देऊ नयेत, असं त्याने स्पष्ट म्हटलं. खळबळ उडाली, १९५२ मध्ये जीपींचं स्वतःचं कॉलेज उभं राहिलं, पण बाहेरून तपासणीची व्यवस्था आली नाही. सुधारणा डॉक्टरांच्याच हाती राहिली.

सगळं डॉक्टरांवर सोडलं तरी चालतं, हा समज हॅरल्ड शिपमन या जीपीने मोडला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात तो एकटाच दवाखाना चालवत होता, आणि रुग्णांचा त्याच्यावर विश्वास होता. ३१ जानेवारी २००० ला १५ खुनांबद्दल तो दोषी ठरला. न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये बळींची संख्या २१५ वर नेली. तो डायमॉर्फिन हे अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक रुग्णांच्या नावावर लिहून स्वतःकडे ठेवत असे. एका बाबीकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच: मृत्यू नैसर्गिक वाटावा म्हणून त्याने संगणकावर मागच्या तारखांच्या नोंदी घातल्या होत्या, आणि त्या प्रत्यक्षात कधी घातल्या ती वेळ संगणकाने आपोआप टिपून ठेवली होती. स्वच्छ खोली बघून काहीच कळलं नसतं. जे कळलं ते नोंदीतून.

त्यातून दोन वाटा निघाल्या. एक डॉक्टरसाठी: नियंत्रित औषधांवर कडक देखरेख, आणि डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी परवान्याचं पुनःप्रमाणीकरण. दुसरी दवाखान्यासाठी. २००८ च्या कायद्याने सीक्यूसी स्थापन झाली, २००९ मध्ये कामाला लागली आणि एप्रिल २०१३ पासून जीपी दवाखान्यांना तिच्याकडे नोंदणी सक्तीची झाली. जीपींसाठी पहिले मुख्य निरीक्षक म्हणून प्राध्यापक स्टीव्ह फील्ड आले. ऑक्टोबर २०१४ पासून पाच प्रश्नांवर श्रेणी मिळू लागली: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेला धावून येते का, आणि कारभार नीट चालतो का.

सुरुवातीच्या वर्षांत भर डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर होता, आणि त्यात लसींचा फ्रीज पहिला. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवं. रोज तीन आकडे लिहायचे: आत्ताचं, किमान आणि कमाल. मग थर्मामीटर रीसेट करायचा. घोळ होतो तो इथेच. रीसेट राहिला तर मागच्या आठवड्यात दार उघडं राहून चढलेला आकडाच ‘कमाल’ म्हणून रोज दिसत राहतो, आणि लिहिणारा तो न वाचता उतरवून काढतो. वहीत सलग दहा दिवस तोच आकडा दिसला की निरीक्षकाला वेगळं काही विचारावं लागत नाही. तापमान सीमेबाहेर गेलं असेल तर लसी वापरायच्या नाहीत आणि फेकायच्याही नाहीत. त्या थंडच, पण वेगळ्या ठेवून उत्पादकाला विचारायचं. अ‍ॅल्युमिनियम असलेली लस एकदा गोठली की कायमची निकामी होते, म्हणून शून्याखाली उतरलेला पारा हा जास्त गंभीर प्रकार.

ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर, तातडीच्या औषधांच्या मुदती, नेमणुकीआधीची पार्श्वभूमी तपासणी हेही बघितलं जायचं. सगळं आवश्यकच. पण फायली व्यवस्थित लावणारा दवाखाना आणि रुग्णाला नीट सांभाळणारा दवाखाना एकच असतो असं नाही, ही जीपींची तक्रार खरी होती.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे नेहमीच्या तपासण्या थांबल्या. त्यानंतर पद्धत बदलली: भेटीआधीच दवाखान्याच्या संगणक प्रणालीत दुरून ठरावीक शोध चालवायचे आणि मग सीक्यूसीच्या जीपी सल्लागाराने निवडक रुग्णांच्या नोंदी वाचायच्या. मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं, नियमित रक्ततपासणी लागणारं औषध) घेणाऱ्यांपैकी किती जणांची रक्ततपासणी वेळेत झालेली नाही? दम्यात तात्पुरता आराम देणारे सॅल्ब्युटामॉल इनहेलर वर्षभरात बारा किंवा जास्त कोणी नेले? एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ४८ किंवा वर असूनही मधुमेहाचं निदान कोणाच्या नोंदीत नाही?

मेथोट्रेक्सेटमध्ये चूक बहुतेक एकाच जागी होते. रक्त रुग्णालयात काढलं जातं, अहवाल तिथल्या प्रणालीत राहतो, आणि जीपी ‘झालं असेल’ असं धरून पुढची चिठ्ठी देतो. उपाय साधा आहे: चिठ्ठीवर सही करण्याआधी अहवाल उघडून बघायचा आणि बघितल्याची नोंद करायची. औषधांच्या सुरक्षा-सूचनांचंही तेच. ६५ वर्षांवरच्यांना सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये ही सूचना २०११ ची. ती आली तेव्हा यादी काढून डोस कमी केले गेले; पण नंतर पासष्टी ओलांडलेले आणि नव्याने नाव नोंदवलेले रुग्ण त्या यादीत नव्हतेच. शोध पुन्हा पुन्हा चालवला नाही तर ते सापडत नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सीक्यूसीने सगळ्याच सेवांसाठी एक सामाईक चौकट आणली. नवी संगणक प्रणाली अडखळली, तपासण्या कमी झाल्या आणि डॉ. पेनी डॅश यांच्या २०२४ च्या परीक्षणाने कमिशनच्या कामातल्या मोठ्या त्रुटी मांडल्या. शेरे वर्षानुवर्षं जुने राहतात, ही त्यातलीच एक. म्हणून दवाखान्यातला शेरा वाचताना श्रेणीच्या आधी तारीख बघावी, आणि पूर्ण अहवालात औषधांच्या देखरेखीचा भाग शोधून वाचावा. तो भाग ‘सुरक्षित’ या प्रश्नाखाली सापडतो.